आमची वाटचाल : गटारापासून कर्दळीच्या वाफ्यापर्यंत

कराडला ऑफिस थाटलं तेव्हा घरांचे नकाशे आणि ग्रामपंचायतींच्या गटारांची अंदाजपत्रकं एवढंच काम होतं. गटार ओढ्याला नेऊन सोडलं की बिल निघायचं. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने घरोघरी नळ झाले आणि त्यातलं बरंचसं पाणी मोरीतून पुन्हा रस्त्यावर आलं. काळ्या मातीत शोषखड्डे तुंबतात. यंत्रांवर चालणाऱ्या प्रकल्पाचं वीजबिल छोट्या पंचायतीला झेपत नाही. म्हणून आम्ही खडी-वनस्पतींच्या वाफ्यांकडे वळलो : खडी भरून वर कर्दळीसारखी झाडं लावायची आणि सांडपाणी त्या खडीतून हळूहळू नेत स्वच्छ करायचं.

कल्पना आमची नव्हे. जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ केथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात असे प्रयोग केले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने याच धर्तीचं ‘फायटोरिड’ हे तंत्र आणलं.

पाचशे माणसांच्या वस्तीचं सांडपाणी दिवसाला साधारण २०,००० लिटर धरतो. ते वाफ्यात तीन दिवस रेंगाळायला हवं. खोली ६० सेंटिमीटर आणि खडीतली पोकळी ४० टक्के धरली, तर अडीच गुंठे जागा लागते. हा आकडा ऐकला की बैठकीत पहिल्यांदा शांतता पसरते.

जागा मिळाली की पुढचं भांडण खडीचं. क्रशरवरून ती भुकटीने माखलेली येते. आम्ही ट्रॉलीतली मूठभर खडी पाण्याच्या बाटलीत घालून हलवतो. पाणी गढुळलं तर आधी धुवा, मगच वाफ्यात टाका. कंत्राटदार वैतागतो, पण भुकटीने पोकळ्या बुजल्या की पाणी वर येतं आणि डासांची सोय होते. पाणी कायम खडीच्या चार बोटं खाली हवं. शेवटच्या चेंबरमधला एल्बो, म्हणजे पाइपचा वाकडा तुकडा, फिरवून ती पातळी आम्ही लावतो. “पाणी दिसतच नाही, मग चालतंय कसं?” हा प्रश्न ठरलेला.

कर्दळ फुलली की फोटो तिचे निघतात. घाण खातात ते खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू. आणि वाफा टिकतो तो त्याच्या आधीच्या गाळटाकीवर. तिचा गाळ वेळेवर उपसला नाही, तर तो थेट खडीत शिरतो.

गाळ कोण काढणार, पैसे कुठल्या खात्यातून, हे ग्रामसभेच्या ठरावात आल्याशिवाय आम्ही आराखडा देत नाही. या अटीपायी काही कामं गेली, जाऊ देत. सध्या वाडी-वस्त्या आणि आश्रमशाळांची कामं घेतो. सोबत पहिल्या वर्षाची देखभाल आमच्याकडे असते.