लोकलने राणीबाग, सोबत पावणेदोन वर्षांचे चिरंजीव

ठाण्याहून भायखळ्याच्या राणीबागेला, म्हणजे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात, टॅक्सीने जायचं की लोकलने, यावर घरात बराच खल झाला. चिरंजीवांना ट्रेनचं वेड, त्यामुळे लोकल जिंकली. (पेंग्विन बघायची हौस खरं तर आम्हा मोठ्यांनाच होती.) एकदा लोकल ठरली की सामान किती घ्यायचं हे जिने ठरवतात. एक हात पोराला, दुसरा कठड्याला. तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच.

म्हणून स्ट्रोलर घरीच ठेवला. बागेतले रस्ते सपाट आहेत, गाडीने येणाऱ्यांनी तो जरूर आणावा. पण स्टेशनचे पूल आणि फलाट-गाडीमधली फट यांच्यापुढे घडीचा स्ट्रोलरही ओझंच होतो. आम्ही कमरेला पट्टा असलेलं बेबी कॅरियर नेलं. "जुन्या साडीची झोळी केली असती तरी भागलं असतं," इति सासूबाई. असेलही, पण चढता-उतरता दोन्ही हात मोकळे राहिले ते कॅरियरमुळेच.

वार विचार करून निवडा. बुधवारी बाग बंद असते आणि रविवारी मेगाब्लॉक असू शकतो. शनिवारी सकाळी ऑफिसची गर्दी जरा कमी असते. कल्याणकडून भरून येणाऱ्या गाडीत शिरण्यापेक्षा ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडा, बसायला मिळतं. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून (आजचं सीएसएमटी) ठाण्याला ५७ मिनिटांत पोचली होती. धीम्या लोकलला आजही साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे पोराची एक झोप सहज होते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आता कुठल्याच यादीत न सापडणारा मुद्दा: सॅक कोणाच्या डब्यात? मी, सासूबाई आणि बाळ लेडीजमध्ये, नवरा जनरलमध्ये. डायपर, पाणी, खाऊ आणि जादा कपडे बाळ जिथे तिथेच हवेत. मुलुंड गेल्यावर पँट ओली झाली आणि डायपर जनरल डब्यात, म्हणजे भायखळ्यापर्यंत काही खरं नाही. नवऱ्याकडे फक्त छत्री आणि चपलांची पिशवी दिली. उतरल्यावर कुठल्या इंडिकेटरखाली भेटायचं तेही आधीच ठरवून ठेवा.

सॅकमध्ये डायपर, ओले वाइप्स, अंथरायला जुनी चादर आणि ओल्या कपड्यांना पिशवी. ओआरएस घेतलंत तर पाकिटावरचं माप नीट वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवायचं नाही. तापाच्या पॅरासिटामॉल सिरपचंही तसंच. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं असतं आणि २५० चंही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेलं माप बाटलीवरच चिकटवून ठेवा.

खाऊ सांडणारा नको. तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी सगळ्यात सोयीच्या. डबा गाडीतच उघडा, म्हणजे बागेत पोचल्या पोचल्या भुकेची रडारड नाही. डब्यात चणे-शेंगदाणेवाला आला की पोराचा हात लांबतोच, पण एवढ्या लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षंही उभी चिरूनच.

निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला बाळाचा एक फोटो काढून ठेवा आणि फोन नंबरची चिठ्ठी त्याच्या खिशात घाला. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, रेल्वेची १३९.

भायखळा पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. मात्र आंबेडकर रोडवरून बाळाला कडेवर किंवा कॅरियरमध्येच न्या. उघडायच्या वेळीच आत शिरलं तर पेंग्विनच्या काचेपाशी उभं राहायला जागा मिळते. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे बर्फ शोधू नका. २०१६ मध्ये आले, २०१७ मध्ये लोकांना बघायला खुले झाले, तेव्हापासून सगळी गर्दी त्यांच्याकडेच. पाण्याखाली पोहताना ते बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसतात, उचलून धरावं लागत नाही. आमच्या चिरंजीवांनी मात्र सगळ्यात जास्त वेळ दिला तो वाटेवरच्या कावळ्याला. झाडी दाट असल्यामुळे डास आहेत, फुल पँट घाला. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, बाळाला तो वस्तूंच्या कपाटांपेक्षा जास्त आवडेल.

परत निघा दुपारी, गर्दीच्या आधी. उशीर झालाच तर भायखळ्याहून भरलेल्या गाडीत चढू नका. उलट दिशेने सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणाऱ्या ठाणे लोकलमध्ये आरामात बसा. तेवढं भायखळा ते सीएसएमटीचं रिटर्न तिकीट वेगळं काढा, कारण कडेवर मूल आहे म्हणून टीसी दंड सोडत नाही.