तिरुमुक्कूडल: पंधरा रुग्णांची चोळकालीन आतुरशाला

कांचीपुरमला दोनदा जाऊन आम्ही मोठी देवळं आणि साड्या बघून परतलो होतो. यंदा एक अख्खी सकाळ तिरुमुक्कूडलसाठी राखून ठेवली. पालार, चेय्यार आणि वेगवती या तीन नद्यांच्या संगमावरचं हे खेडं. नावाचा अर्थच तिहेरी संगम. काठावर वेंकटेश पेरुमाळचं देऊळ आहे आणि त्याच्या प्राकाराच्या, म्हणजे भोवतालच्या आवाराच्या, पूर्वेकडच्या भिंतीवर वीरराजेंद्र या चोळ राजाचा 1068 च्या सुमाराचा भलामोठा तमिळ लेख.

लेखाची सुरुवात लढायांनी होते. कूडलसंगमला राजाने आहवमल्ल सोमेश्वराला हरवलं, असं त्यात आहे. हा कल्याणीचा चालुक्य, म्हणजे तेव्हा आपल्याही बऱ्याच मुलखाचा धनी. पण पुढे येतो तो या देवळाच्या आश्रयाने चालणाऱ्या वेदपाठशाळेचा, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा आणि आतुरशालेचा खर्च. आतुर म्हणजे रुग्ण. आयुर्वेदात हा शब्द अजून याच अर्थाने चालतो.

खाटा पंधरा. एक वैद्य, त्याला वर्षाला 90 कलम भात आणि 8 कासू (कलम हे तेव्हाचं धान्याचं माप, कासू हे नाणं). शस्त्रक्रिया करणाऱ्याला 30 कलम भात. औषधी वनस्पती आणि सरपण आणून औषधं तयार करणारे दोघे, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रिया, एक न्हावी, एक पाणक्या. रोज प्रत्येक रुग्णामागे एक नाळी (हेही धान्याचं माप) तांदूळ. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या तेलाचीही तजवीज केलेली. आजारी माणसाची रात्र अंधारात जाऊ नये, एवढा विचार कुणीतरी केला होता. त्या ओळीपाशी मी बराच वेळ उभी राहिले.

औषधांची यादी वाचताना तर आजीचं फडताळ उघडल्यासारखं झालं. दशमूलहरीतकी, गोमूत्रहरीतकी, बिब्बा घातलेली भल्लातकहरीतकी, लसणीचं एरंडेल, बेलाचं तूप, जुनं तूप. हरीतकी म्हणजे हिरडा. हिरडा आणि बिब्बा आपल्या रानातलेच. परक्या लिपीतल्या भिंतीशी एवढी जवळीक वाटेल असं वाटलं नव्हतं.

जाणाऱ्यांनी एक नक्की करावं: लेखाचं भाषांतर छापून सोबत न्यावं. ते हातात नसेल तर ही नुसती कोरलेली भिंत आहे, दहा मिनिटांत बघून होते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी मात्र लावू नका. मोबाइलची विजेरी दगडाला लागून आडवी धरली की खाचा आपोआप दिसतात.

मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने अरक्कोणमला उतरता येतं. तिथून कांचीपुरममार्गे चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पळैयसीवरम स्टेशन आहे. गाड्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनापासून पालारवरचा पूल ओलांडला की पलीकडच्या काठावर देऊळ. आम्ही कांचीपुरमहून वालाजाबादमार्गे रिक्षाने गेलो आणि तीच रिक्षा थांबवून ठेवली, ते बरं झालं. दुपारी देऊळ बंद होतं, म्हणून सकाळीच पोचा. गावात जेवणाची सोय गृहीत धरू नका, वालाजाबादला खाऊन घ्या.

परतताना पळैयसीवरमच्या टेकडीवरच्या लक्ष्मीनरसिंहाच्या देवळाकडे जरूर वळा. त्या काठावरून संगमाचं रुंद वाळवंट आणि पलीकडचं आतुरशालेचं देऊळ दोन्ही एका नजरेत येतं.