काट्याची पावती आणि मुनीमजींची मेल

आमचं जिनिंग पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत. नागपूर ऑफिसपर्यंत लीज लाइन, म्हणजे भाड्यानं घेतलेली खास आपली लाइन आहे, 2 एमबीपीएसची. "आमच्या मोबाइलवर याच्याहून जास्त येते" हे मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. पण वजनकाट्यावरच्या नोंदींचा मायएसक्यूएल डेटाबेस ह्याच लाइनवरून नागपूरला रेप्लिकेट होतो, म्हणजे त्याची नक्कल तिथं होत राहते, आणि तिथं नोंद दिसल्याशिवाय कापूसवाल्याचं पेमेंट सुटत नाही.

दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागतात. खरी ओढाताण संध्याकाळी पाच ते सात. तेव्हाच अकाउंटवाले दिवसभराची बिलं स्कॅन करून पाठवतात. 18 एमबीची फाइल मेलला जोडली की एक तृतीयांशानं फुगते, 24 एमबी होते. अख्खी लाइन तिलाच दिली तरी दीड मिनिट. चौघांनी एकदम पाठवलं तर सहा मिनिटं सगळं ठप्प. काट्याची नोंद मात्र एक केबीचीसुद्धा नसते.

मोठे मुनीमजी म्हणाले, मेल पहिले गेली पाहिजे. मीही शहाण्यासारखी मायक्रोटिकमध्ये, म्हणजे आमच्या राउटरमध्ये, मेलला प्रायॉरिटी 1 देऊन टाकली (तिथं 1 सगळ्यात वर, 8 सगळ्यात खाली). दुसऱ्याच संध्याकाळी काट्यावरच्या भाऊनं मला गाठलं. "मेल अडकली तं मुनीमजीले फोन येते. कापूसवाला अडकला तं तो माह्यासमोर उभा रायते. तू सांग, कोन पहिले?"

रेप्लिकेशन वर घेतलं, मेल खाली. फरक शून्य. नियमात किती पॅकेट बसली ते मोजणारा काउंटरही शून्य. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मायएसक्यूएलचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, 3306; मी तो डेस्टिनेशन पोर्ट (जिथं पोचायचं ते दार) म्हणून लिहिला होता. पण जोडणी नागपूरची रेप्लिका (तिथला नकलेचा डेटाबेस) करते, आमच्याकडून डेटा निघतो तो सोर्स पोर्ट (जिथून निघतो ते दार) 3306 वरून. एक शब्द बदलला आणि काउंटर धावायला लागला.

वाटणी अशी केली: रेप्लिकेशनला 512 केबीपीएस हक्काचे, मेलला 768, उरलेलं ज्याला लागेल त्याला. विंडोज अपडेट सगळ्यात शेवटी. रेप्लिकेशनलाही वरची मर्यादा घातली, कारण मागे जेसीबीनं केबल तोडली होती तेव्हा लाइन परत आल्यावर तुंबलेला डेटा एवढा सुटला की मेलवाले रडकुंडीला आले. आणि एकूण मर्यादा 2000 ऐवजी 1800 ठेवली. पूर्ण 2000 दिली तर रांग लागते कंपनीच्या मोडेममध्ये, तिथं माझं कोण ऐकतं? रांग आपल्याच राउटरमध्ये लागली पाहिजे, तरच कोणाला पुढं सोडायचं ते आपल्या हातात.

तरीही मधूनच एखादी पावती चार-पाच मिनिटं उशिरा पोचायची. नागपूरहून उत्तर ठरलेलं: रेप्लिका शून्य सेकंद मागे आहे. तो आकडा फसवा. रेप्लिकापर्यंत जे पोचलं त्याच्याच हिशेबात तो मोजतो. जे अजून वाटेतच आहे ते त्याला कुठून दिसणार? म्हणून एका छोट्या टेबलात दर दहा सेकंदांनी वेळ लिहायला लावली आणि दोन्हीकडची ताडून पाहिली. उशीर खराच होता.

कारण सापडलं ते माझ्याच करणीचं. भरल्या गाडीचा फोटो मी कौतुकानं त्याच डेटाबेसात साठवत होतो, तीन-तीन एमबीचा. बिनलॉग, म्हणजे रेप्लिकाला जाणारी बदलांची यादी, क्रमानं जातो. पाच-सहा फोटो पुढं लागले की त्यांच्यामागची इवलीशी नोंद थांबणारच. राउटरच्या लेखी सगळं 3306. फोटो कुठला आणि पावती कुठली, त्याला काय कळणार. बैलगाड्यांच्या मागं ॲम्ब्युलन्स अडकली तर चौकातला पोलीस काय करेल?

फोटो डेटाबेसातून काढले, फोल्डरमध्ये ठेवले, रात्री अकरानंतर आरसिंक नावाच्या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामनं पाठवतो. आता पावती नागपुरात काही सेकंदांत दिसते. मुनीमजींची मेल आधीपेक्षा थोडी जास्तच वेळ घेते. त्यांनी अजून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फक्त रात्री लाइट गेली की फोटो अर्धेच जातात. सकाळी काट्यावर पोचलो की चहाच्या आधी तेवढं बघतो, किती राहिले.