लग्नाच्या गाठोड्याची उलटी बाजू

लग्नसराईत आमच्या ऑल्टरेशनच्या दुकानात एकेक कपडा येत असतो. त्या दिवशी मात्र एका घराचा अख्खा बस्ताच टेबलावर आला. नवरदेवाची ऑनलाइन मागवलेली शेरवानी, त्याच्या भावासाठी मॉलच्या सेलमधला ब्लेझर, करवलीचा दादरच्या बाजारातला घागरा, वडिलांचा खादीचा कुर्ता आणि चुलतभावाची फॅशन स्ट्रीटच्या गाळ्यावरची पॅन्ट. "काका, सगळ्यांचं थोडं थोडंच काम आहे," नवरदेवाची आई म्हणाली. काम थोडं की फार, ते कपडा उलटा केल्याशिवाय कळत नाही. शिवणीत माया, म्हणजे टाक्याच्या आतलं जादा कापड, किती ठेवली आहे, ते आम्ही आधी बघतो.

सगळ्यात स्वस्त पॅन्ट सगळ्यात सोपी निघाली. लेबलवर ३४ होतं, टेपवर साडेबत्तीस. पण सीटच्या मधल्या शिवणीत दोन्हीकडे इंच-इंच माया होती, म्हणून दीड इंच आरामात सोडता आला. असा एक्सपोर्ट सरप्लसचा, म्हणजे निर्यातीतून मागे राहिलेला माल घेताना तो का नाकारला गेला असेल, ते आधी शोधायचं. दोन्ही पाय शेजारी ठेवून उजेडात रंग जुळतो का पाहायचं (ट्यूबलाइटखाली छटेतला फरक लपतो), चेन दोन-तीनदा वरखाली करायची, विणीत गाठ आहे का हात फिरवून बघायचं. दोष पायाच्या आतल्या बाजूला असेल तर खुशाल घ्यावी.

ब्लेझरचं उलटं. बाहीची लांबी आणि कंबर बदलता येते, पण याचा खांदाच दोन्हीकडे पाऊण इंच बाहेर येत होता. तो आत घ्यायचा म्हणजे बाह्या काढा, पॅड काढा, अस्तर उसवा, मुंढा (बाही जोडायचा घेर) नव्याने कापा. एवढी मजुरी दिली तर सेलमध्ये वाचवलेले पैसे गेलेच. शिवाय कॉलरच्या पट्टीवर बारीक फुगे होते, म्हणजे आतलं फ्यूजिंग (कापडाला ताठपणा यावा म्हणून इस्त्रीने चिकटवलेला थर) सुटायला लागलेलं. दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती म्हणे. माप चुकलं तर दुकानदार बांधील नाही, पण फ्यूजिंग सुटणं हा मालातला दोष आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यावा लागतो. बिल होतं, टॅगही काढलेला नव्हता. ब्लेझर आम्ही शिवला नाही, परत पाठवला.

खरा पेच शेरवानीचा. छाती ४० आणि तयार कपडा भरला ४०च. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत छातीला साधारण चार इंच सैलपणा लागतो. ऑनलाइन घेताना 'एल', 'एक्सएल'वर जाऊ नये. नीट बसणारा आपलाच कपडा पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, ते माप दुप्पट करावं आणि तक्त्यात कपड्याचं माप दिलं असेल त्याच्याशी ताडून पाहावं. इथे बाजूच्या शिवणीत मायाच नव्हती, जेमतेम एक सेंटीमीटर आणि वर ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे बांधणारी शिलाई. त्यात कापड 'आर्ट सिल्क', म्हणजे रेशीम नव्हेच. दोन्ही अंगठ्यांनी शिवण हलकी ताणली तर टाक्याशेजारचे धागे सरकून फट पडली. अशा ठिकाणी दोरा तुटत नाही, कापडच सुटतं. दुकानात कपडा हातात असेल तर ही चाचणी दहा सेकंदांची आहे.

खालची अडीच इंची दुमड उसवून काढली आणि तिथे आतून साध्या कापडाची पट्टी लावली. मिळालेल्या कापडाच्या दोन इंच रुंद पट्ट्या करून काखेपासून खालच्या कटापर्यंत दोन्ही बाजूंना घातल्या, वर बाहीत चार इंच निमुळत्या नेल्या. शिवणीत जाणारं कापड वजा जाता छातीला दोन इंच मिळाले. मशीनला घालण्याआधी प्रत्येक कडेला आतून फ्यूजिंगची पट्टी इस्त्रीने चिकटवली, नाहीतर नवी शिवणही सरकली असती. चारऐवजी दोन इंच सैलपणा, म्हणजे वरातीत नाचताना हात फार वर करायचे नाहीत, हे नवरदेवाला बजावून सांगितलं.

घाग्र्याची उंची मोजायला करवलीला लग्नात घालायच्या सॅंडल आणायला सांगितल्या. अनवाणी माप घेतलं की घोटा उघडा पडतो. खडे शिवलेले नव्हते, चिकटवलेले होते. अशा घाग्र्याला इस्त्री अस्तराच्या बाजूनेच आणि मंद, नाहीतर डिंक वितळून खडे जागा सोडतात.

राहिला खादीचा कुर्ता. लांबी ४२ इंच, वडिलांना दीड इंच कमी हवी होती. न धुतलेली खादी पहिल्या पाण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते, म्हणजे इथे सव्वा ते दोन इंच. रात्रभर भिजवून, वाळवून आणा, मग बघू, असं आम्ही म्हटलं. त्यांनी बाजूच्या नळाकडे बघितलं आणि बादली आहे का विचारलं.