आर्द्रा नीट उमटली: नक्षत्रवार पावसाच्या आलेखाची नोंद

मंडळी, अडलेलं काम सुटलं. गोव्यात वाळपईला आमच्या कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) कडेला, झाडांपासून दूर मोकळ्यावर बसवलेल्या पर्जन्यमापकाचे आकडे सर्व्हरवर जातात आणि तिथे पायथनचं मॅटप्लॉटलिब, म्हणजे आलेख काढणारी लायब्ररी, मृगापासून हस्तापर्यंत नऊ खांबांचा आलेख काढतं. खांब बरोबर येत होते, उभ्या अक्षावरचे आकडेही. पण मराठी मजकूर म्हणून जे काही होतं, तिथे नुसते रिकामे चौकोन.

सर्व्हरवर लॉगिन करून तीच स्क्रिप्ट हाताने चालवली की अक्षरं येत. वेबवरून मागवलं की गायब. हा फरक पकडला आणि वाट दिसली. 'मुक्ता' फॉन्ट माझ्या होम फोल्डरात होता. वेब सर्व्हर मात्र माझ्या नावाने चालत नाही, त्याचा वापरकर्ता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', आणि त्याला माझं होम फोल्डर दिसत नाही. फॉन्ट सापडला नाही की मॅटप्लॉटलिब स्वतःसोबत आलेल्या देजावू सॅन्स या फॉन्टवर जातं. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत, देवनागरी नाही. म्हणून आकडे शाबूत, नावं चौकोनात. सर्व्हरच्या नोंदीत, लॉगमध्ये, ते स्पष्ट लिहिलेलं असतं: ग्लिफ (अक्षराचा आकार) २३१० फॉन्टमध्ये नाही. २३१० म्हणजे युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला 'आ', आमच्या आर्द्राचा पहिलाच.

तुमच्याकडे असं झालं तर आधी एवढंच करा: 'सुडो' या आज्ञेने वेब सर्व्हरचा वापरकर्ता होऊन फॉन्टची यादी देणारं 'एफसी-लिस्ट' चालवा आणि भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, द्या. माझ्या नावाने यादी आली, त्याच्या नावाने एक ओळही नाही. फॉन्ट 'यूएसआर'मधल्या 'लोकल/शेअर/फॉन्ट्स' या सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरात हलवला, यादी ताजी करणारं 'एफसी-कॅश' चालवलं. तरीही चौकोन राहिले तर मॅटप्लॉटलिबने साठवलेली फॉन्टची जुनी यादी पुसा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. ती यादी लिहायला वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला जागा हवी, नाहीतर ती दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात नव्याने बनते आणि पहिला आलेख रेंगाळतो. मी त्याला वेगळं फोल्डर नेमून दिलं.

चौकोन गेले. पण जे आलं ते वाचवेना. 'हस्त'मधल्या स ला खाली हलन्त लटकलेला, त आपला बाजूला. 'आर्द्रा'त रफार नाही, द्र नाही, र, द आणि रा सुटे सुटे ओळीने उभे. अक्षावरच्या 'मिमी'त ऱ्हस्व वेलांटी पहिल्या म च्या मागे पडलेली, त्यामुळे ती दुसऱ्या म चीच वाटे. हा दोष फॉन्टचा नाही, 'मुक्ता'त सगळी जोडाक्षरं आहेत. माझ्या आवृत्तीतलं मॅटप्लॉटलिब पीएनजी चित्र काढताना एकेक अक्षर क्रमाने मांडत जातं, जोडाक्षर जुळवत नाही. ते काम हार्फबझसारख्या लायब्ररीचं. म्हणून माझं ठाम मत आहे, फॉन्ट तपासताना 'अ आ इ' लिहून समाधान मानू नका. 'आर्द्रा', 'आश्लेषा' आणि 'मिमी' लिहून बघा.

उपाय असा केला: आलेख पीएनजीऐवजी एसव्हीजीत, म्हणजे रेषा आणि मजकूर वेगळे ठेवू शकणाऱ्या चित्रप्रकारात, काढला आणि 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' या सेटिंगला 'नन' दिलं. मूळ सेटिंगमध्ये मॅटप्लॉटलिब अक्षरांचे आकार रेषांत बदलतं, म्हणजे तुटलेलं तुटलेलंच राहतं. 'नन' दिलं की मजकूर मजकूरच राहतो आणि जोडाक्षरं ब्राउझर जुळवतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायला चित्र लागतंच, तर तीच फाइल 'आरएसव्हीजी-कन्व्हर्ट' या प्रोग्रॅममधून पीएनजी करतो. ते मजकूर मांडायला पँगो ही लायब्ररी वापरतं आणि पँगोच्या पोटात हार्फबझ आहे. पहिल्यांदा 'आर्द्रा' रफारासकट उमटली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. आमच्याकडे पाऊस अजून नक्षत्रानेच मोजतात, त्यामुळे ही नावं शुद्ध दिसणं मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जाता जाता, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, आहे. हवामान खात्याप्रमाणे सकाळी ८.३० ते ८.३० असा पावसाचा दिवस धरायचा तर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ३.०० लिहावे लागतात.

राहिलेलं काम: मॅटप्लॉटलिब रुंदी अजून सुट्या अक्षरांचीच मोजतं, त्यामुळे समासाचा अंदाज चुकतो आणि लांब नावांभोवती जागा वाया जाते. सध्या समास हाताने ठरवून दिलाय. पुढे नक्षत्रांखाली त्या वर्षीची वाहनं, मोर, बेडूक, हत्ती, लिहायची आहेत. पेडणे-फोंड्याकडचे आकडे कोणी नियमित घेत असेल तर कळवा, एकाच आलेखात शेजारी शेजारी लावू.