पिशव्या भरणारा बेनितो

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील वेगा बाहा या गावच्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकांचे सामान पिशव्यांत भरून देणारा बेनितो मार्तिनेझ ओकासिओ हाच पुढे बॅड बनी नावाचा गायक झाला, हे कळल्यापासून मी त्याची गाणी अधिक लक्ष देऊन ऐकतो. वडील ट्रकचालक, आई शिक्षिका. लहानपणी तो चर्चच्या गायकवृंदात गात असे. टोपणनावाचे मूळ मात्र त्याच्या बालपणीच्या एका छायाचित्रात आहे: सशाचा पोशाख चढवायला लावल्यामुळे पोरगे त्यात कमालीचे चिडलेले दिसते. नोकरी सांभाळून त्याने साउंडक्लाउड या ऑनलाइन संगीतमंचावर टाकलेल्या गाण्यांपैकी ‘दीलेस’ने २०१६ मध्ये निर्मात्यांचे लक्ष वेधले. २०२० पासून सलग तीन वर्षे स्पॉटिफायवर जगात सर्वाधिक ऐकला गेलेला कलाकार तोच होता. आकडे राहोत बाजूला. मला मोलाचे वाटते ते हे, की इंग्रजी बाजारपेठेसाठी त्याने भाषा बदलली नाही. अक्षरान्तीचा ‘स’ गिळून टाकणारी आपल्या बेटाची स्पॅनिश त्याने गाण्यांत जशीच्या तशी ठेवली, आणि तरीही २०२२ च्या त्याच्या ‘उन वेरानो सिन ती’ला ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकन मिळाले, संपूर्ण स्पॅनिश अल्बमच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच येत होता.