कुरांडा: जिथं पावसाबद्दल माफी मागतात

दादाकडे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेलो होतो. मॉल पाहिले, नदीकाठ पाहिला, कोआला पाहिला. तो झोपलेला होता. ब्रिस्बेनबद्दल एवढंच. लिहायचंय ते कुरांड्याबद्दल, आणि तेही तिथल्या एका दुकानात आईचं डोकं फिरलं म्हणून.

कुरांडा हे उत्तर क्वीन्सलंडमधलं, केर्न्स शहराच्या पाठीमागच्या डोंगरावरचं लहानसं गाव. फोटो बघून थंड हवेचं ठिकाण वाटतं, पण उंची जेमतेम सव्वातीनशे मीटर. आमचं लातूर त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे! गारवा आहे तो झाडांचा आणि पाण्याचा. कोरल समुद्रावरून आग्नेयेचे वारे ओले होऊन येतात ते सरळ या डोंगरावर आदळतात, आणि डिसेंबर ते एप्रिल त्यांच्यात मान्सूनची आणि चक्रीवादळांची भर पडते. वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरच्या आसपास. लातूरची सरासरी ७०० ते ८००, तीही कागदावरची.

दादा सांगत होता, मे ते ऑक्टोबरमध्ये जा, कोरडं असतं, सगळे तेव्हाच जातात. आई म्हणाली, "कोरडं बघायला इतक्या लांब कामून जायचं? कोरडं तर आपल्या दारात हाय." मग फेब्रुवारीतलीच तिकिटं काढली.

केर्न्सहून वर जायला रस्ता आहे, रोपवे आहे, पण आम्ही जुनी आगगाडी धरली. चौतीसेक किलोमीटरला जवळजवळ दोन तास. लाकडी डबे, उघड्या खिडक्या, आणि पाऊस थेट मांडीवर. आईला लगेच बार्शी लाइट, आमच्याकडची जुनी अरुंद रुळांची गाडी, आठवली. लग्न होऊन ती त्याच छोट्या गाडीनं लातूरला आली होती, त्यामुळं पुढचा अर्धा तास बोगदे एकीकडे आणि कुर्डुवाडीला पाव्हण्यांची चुकलेली गाडी एकीकडे. मी एका कानानं स्पीकरवरचा इतिहास ऐकत होते.

तो इतिहास मात्र ऐकण्यासारखा होता. डोंगरापलीकडे हर्बर्टनला कथलाच्या खाणी होत्या. (तेच कथील, ज्याची आपल्याकडे भांड्यांना कल्हई लावत.) १८८२ च्या पावसाळ्यात किनाऱ्यावरून वर जाणारी वाट चिखलात बुडाली, शिधा पोचेना, आणि खाणीवरच्या माणसांवर उपासमारीची पाळी आली. त्यांनी रेल्वेसाठी सरकारच्या मागे धोशा लावला. १८८६ ला काम सुरू झालं आणि १८९१ च्या जूनमध्ये गाडी कुरांड्याला पोचली. सगळं काम कुदळ, फावडं आणि सुरुंगांवर. १५ बोगदे, डझनावारी पूल, आणि काम ऐन भरात असताना दीड हजारापर्यंत मजूर, त्यांत आयरिश आणि इटालियन पुष्कळ. कितीतरी जण अपघातानं आणि तापानं गेले.

हे सगळं मी आईला सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे पाऊस लई झाला म्हणून हेंनी रेल्वे आणली?"

"हो."

"आन् आपल्याकडं झालाच नाही म्हणून आणली."

मी गप्पच बसले. लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि शहरातले नळ बंद झाले. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली, ती ऑगस्टपर्यंत. रूळ ब्रॉडगेज झालेले, पण मार्ग तोच, मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर. आई ज्या वाटेनं नवरी होऊन आली, त्याच वाटेनं पाणी आलं. आमच्या गल्लीत टँकरच्या दिवशी आई पहाटेपासून ड्रमवर हात ठेवून बसायची, दुसऱ्या कुणी ओळ मोडू नये म्हणून.

गाडी बॅरन धबधब्यापाशी दहा मिनिटं थांबते. त्यातली सात लोक एकमेकांचे फोटो काढण्यात घालवतात, त्यामुळं कठड्याजवळ जायला धक्काबुक्कीच. कोरड्या महिन्यांत नदीचं बरंचसं पाणी वीजकेंद्राकडे वळवतात आणि खडकावरून नुसत्या बारीक धारा उतरतात. आम्ही पाहिला तो चहाच्या रंगाचा, अख्खी दरी भरून कोसळणारा. इंजिनावर मोठा अजगर रंगवलेला असतो, तो बुडाजी. इथल्या जाबुगाय आदिवासी लोकांच्या कथेत ही नदी त्यानं सरपटत कोरली. रेल्वे आली तीही मुळात याच लोकांच्या पायवाटांच्या आधारानं. आणि १९१३ नंतर याच लोकांना जवळच्या मोना मोना मिशनमध्ये नेऊन ठेवलं, पोरं आईबापांपासून तोडून वसतिगृहात. ते मिशन १९६२ ला बंद झालं. २००४ मध्ये कोर्टानं बॅरन घाटातल्या राष्ट्रीय उद्यानावर त्यांचा पूर्वापार हक्क मान्य केला. कुरांड्याच्या रस्त्यावर मात्र त्यांची चित्रं टी-शर्टवर जास्त दिसतात.

आता बाजार. सत्तरच्या दशकात इथं हिप्पी मंडळी येऊन राहिली आणि १९७८ मध्ये बाजार सुरू झाला. आज चामड्याचे पट्टे, मध, साबण, बूमरँग, आणि वर पत्र्याची छपरं. त्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. एका दुकानाच्या कोपऱ्यात पन्हळीचा पाइप खाली आलेला, मनगटाएवढी धार, फरशीवर आपटून सरळ गटारात. आई तिथं खिळली. मी दोन दुकानं करून आले तरी ती तिथंच. पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिनं धारेखाली धरली. ती क्षणात भरली. तिनं ती रिकामी केली नाही, टोपण लावून ठेवून दिली आणि दुसरी मागितली.

दुकानातली बाई बाहेर आली. पन्नाशीची, गमबूट घातलेली, चेहऱ्यानं प्रेमळ. आई वयस्कर आणि भिजलेली दिसली म्हणून तिनं खुर्ची आणून दिली आणि म्हणाली, या पावसाबद्दल माफ करा हं, तुमची सहल बिघडली.

"काय म्हणलालीय ती?"

"पावसाबद्दल माफी मागतेय."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माफी? पावसाची?" आणि मग तिनं त्या बाईला शुद्ध लातुरी मराठीत सुनावलं. बाई गं, असं वंगाळ बोलू नये, त्यो ऐकतो, निघून जातो, मग बस म्हणावं बोंबलत. आमच्याकडं लोकांनी आभाळाकडं बघून बघून माना मोडून घेतल्यात. बाईला एक शब्द कळला नाही. मी भाषांतर करायला गेले तर हसू आवरेना. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं जोडपं म्हणालं, "काकू, खरंय तुमचं, पण आमचं अख्खं बुकिंग वाया गेलं ना." आईनं त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी लहानपणी फक्त गणिताच्या निकालाच्या दिवशी पाहिलेली आहे.

साडेतीनची शेवटची गाडी उतरली की कुरांड्यातली शटरं धडाधड खाली येतात. दिवसभर जत्रा, आणि चारनंतर खायला एक धड जागा उघडी मिळेना. मुक्काम करणार असाल तर आधी पोटाचं बघा. आम्ही वहिनीनं बांधून दिलेल्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर रात्र काढली. धपाटे दमट होऊन चामड्यासारखे झाले होते. टॉवेल वाळत नाही, काडी पेटत नाही, आणि मागच्या अंगणात दोन मिनिटं उभी राहिले तर घोट्याला जळू. रेनफॉरेस्टचे फोटो टाकणारे लोक हे कधी सांगत नाहीत.

आमच्या खोलीच्या मालकिणीनं पत्र्याचं पाणी थेट मोठ्या टाकीत घेतलं होतं. टाकी ओसंडून वाहत होती. त्या दुकानदार बाईची माफी मला कळली ती हिच्याशी बोलताना. २०२३ च्या डिसेंबरात जॅस्पर चक्रीवादळ येऊन गेलं आणि मागोमाग या डोंगरांत काही ठिकाणी पाच-सहा दिवसांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. लातूरचा अडीच वर्षांचा पाऊस. बॅरनला विक्रमी पूर, रुळांवर दरडी, रस्ते खचलेले, गाडी कित्येक महिने बंद. आणि गाडी बंद म्हणजे गावाचा गल्लाच बंद. आईला सांगितलं. ती बराच वेळ टाकीकडं बघत बसली. "मग तिला बी पावसानंच मारलंय की," म्हणाली. "उद्या जाऊन तिच्याकडून कायतरी घिऊ." घेतला. साबण. तीन तुकडे, आपले हजारेक रुपये झाले. आईला ते रुपयांत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा केर्न्सहून गाडी घेऊन आला आणि आम्ही पलीकडं मारीबा गावाला गेलो. पस्तीसेक किलोमीटर. अर्ध्या वाटेत जंगल विरळ झालं, मग निलगिरीची सुटी सुटी झाडं, तांबडी माती, पुरुषभर उंच वारुळं, आणि पाऊस गायब. सगळं पाणी डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूलाच उतरतं; मारीबाला वर्षाला हजाराच्या आत. सह्याद्रीनं आपल्याशी जे केलंय तेच. फरक इतकाच की वारा तिथं पूर्वेकडून येतो.

आईला मात्र एकदम मोकळं वाटलं. तिनं काच खाली केली, पदर वाळवला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला. चांगला डोक्याच्या वर गेलेला.

"पाऊस नाही म्हणतोस, मग हे पाणी कुठलं?"

दादा म्हणाला, धरणाचं. याच बॅरन नदीवर वरच्या अंगाला १९५८ मध्ये टिनारू धरण झालं, त्याचे कालवे आलेत.

"म्हणजे पाऊस कमी, धरण बांधलं, आन् लावला ऊस." आई माझ्याकडं वळली. "ही आपलीच माणसं हायत गं."

दादा हसायला लागला. आई काही हसली नाही. कारखाना कुठाय, भाव काय देतात आणि चेअरमन कोण हाय, हे तिला आधी हवं होतं.